पिशवी काढली म्हणून पांढरं जाणं थांबत नाही

केज तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय. पत्रातला कामापुरता भाग असा:

"माझं वय ४१. दोन लेकरं, दोन्ही बाळंतपणं साधी. दीड वर्ष झालं, अंगावरून पांढरं जायलंय. दह्याच्या चोथ्यासारखं जातं अन् खालच्या जागी अशी खाज सुटती की रात्र रात्र झोप नाही. मेडिकलवाला एक गोळी देतो. आठ-दहा दिवस बरं वाटतं, की पुन्हा चालू. मधून मधून वासबी येतो, मालक घरी आले की जास्त. ते कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, सहा महिने बाहेरच असतात. खाजेला ट्यूब लावते, तिचा फोटो पाठवलाय. रोज डेटॉलच्या पाण्यानं धुते तरी हे असं. पाळी वेळच्या वेळी येती, तिचा काही त्रास नाही. शुगर आहे, गोळी चालू आहे. बाया म्हणतात हाडं झिजायलीत म्हणून जातंय. सोनोग्राफीत पिशवी मोठी निघाली. डॉक्टर म्हणले पिशवी खराब झाली, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. काढू का?"

ताई, ती तारीख आधी पुढं ढकला. फोन करा, घरी अडचण आहे म्हणा, एवढं पुरे. पिशवी काढावी लागते अशी कारणं असतात: कशानंच न थांबणारा रक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, कॅन्सर. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. तुमचा त्रास योनिमार्गातला आणि बाहेरच्या त्वचेचा आहे. ऑपरेशनमध्ये पिशवी जाते, योनिमार्ग जागेवरच राहतो आणि खाजही तिथंच राहते. टाके सुकल्यावर तीच तक्रार घेऊन परत येणाऱ्या बायका आमच्या ओपीडीत नेहमीच्या आहेत. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात अंगावर येतं. मग योनिमार्ग कोरडा पडतो, आग होते, जंतुसंसर्ग आणखी सोपा होतो आणि हाडं खरोखरच ठिसूळ व्हायला लागतात.

सोनोग्राफीत 'बल्की युटेरस' लिहिलंय ना? दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जराशी मोठी दिसतेच. त्या एका शब्दावर कुणाचं पोट उघडायचं नसतं. हे जरा चिडून लिहितेय, कारण तुमचा जिल्हा बीड आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी जणी अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय एवढ्याच तक्रारीनं दवाखान्यात गेल्या होत्या, आणि त्यांनाही कॅन्सरचीच भीती घातली गेली होती.

कॅन्सरची भीती वाटत असेल तर तिच्यावर तपासणी आहे. पिशवीच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून बघायची 'व्हाया' तपासणी तिशी ओलांडलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात फुकट होते. पॅप स्मिअर आहे, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासायच्या. हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो, त्या एचपीव्हीची चाचणी आहे. आणि ही काही परदेशातली गोष्ट नाही. तुमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं मिळून मोठा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे त्यातून जगाला कळलं. २००९ मध्ये तो छापून आला. आपल्याच भागातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलेलं हे, आणि आपल्याच भागात अजून 'कॅन्सर होईल' म्हणून तपासणी न करता तारीख दिली जाते.

आता तुमच्या खाजेकडे येऊ.

बायांना सांगा, हाडं झिजून अंगावरून पांढरं जात नाही. थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं हे प्रत्येक बाईचं असतंच. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात ते वाढतं. खाज नाही, आग नाही, वास नाही, तर त्याला औषध लागत नाही. तुम्हाला खाज आहे, म्हणून तुमचं औषधाचं आहे, एवढाच फरक.

योनिमार्गात चांगले जंतू राहतात. लॅक्टोबॅसिलस म्हणतात त्यांना, दही लावणाऱ्या जंतूंच्या कुळातले. विरजण जसं दूध आंबट करून दुसऱ्या जंतूंना थारा देत नाही, तसं हे जंतू आत आंबटपणा टिकवून ठेवतात. या जंतूंचं बळ कमी झालं की बाकीचे डोकं वर काढतात. म्हणूनच वरचेवर होणाऱ्या संसर्गात 'कुठले जंतू' याइतकाच 'कशानं बिघडलं' हा प्रश्न महत्त्वाचा. मेडिकलवाला पहिल्याचा अंदाज बांधतो, दुसरा विचारतच नाही.

नेहमी आढळणारे प्रकार तीन. कॅन्डिडा नावाच्या बुरशीनं चोथ्यासारखं पांढरं जातं, मरणाची खाज सुटते, लघवी करताना बाहेरच्या बाजूला झोंबतं. वास मात्र फारसा नसतो. दुसऱ्या प्रकारात चांगले जंतू कमी होऊन भलतेच वाढतात, त्याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. त्यात पातळ, राखाडी-पांढरं जातं आणि माशासारखा वास येतो, खाज कमी. तिसरा ट्रायकोमोनास हा परजीवी: पिवळट-हिरवं, कधी फेसाळ, वास आणि आग. हा लैंगिक संबंधातून येतो.

तुमच्या वर्णनावरून बुरशी वाटते, आणि वासावरून मधूनमधून दुसरंही काहीतरी असावं. 'वाटते'च म्हणतेय. नुसत्या वर्णनावरून डॉक्टरही चुकतात, आणि एका वेळी दोन प्रकार असू शकतात. बुरशीची गोळी वासावर चालत नाही आणि वासाची गोळी बुरशीवर चालत नाही, उलट बुरशी वाढू शकते. तुम्ही दीड वर्ष कुठली गोळी घेताय हे पत्रात नाही. बहुतेक फ्लुकोनाझोल १५० ही बुरशीची गोळी असावी. पाकीट टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा.

तुम्ही ट्यूबचा फोटो पाठवलात. त्या फोटोच्या कोपऱ्यात ताटलीखालून एका गोळ्यांच्या पट्टीचं टोक बाहेर आलंय. तुम्ही ते मुद्दाम दाखवलेलं नाही, पण मला ट्यूबइतकंच ते टोक कामाचं वाटलं. फोटो मोठा करून बघितला तर 'डॅपाग्लि' एवढी अक्षरं लागतात. ही शुगरची गोळी आहे, डॅपाग्लिफ्लोझिन. २०२० नंतर ती स्वस्त झाली आणि आता तालुक्याच्या मेडिकलवरही सर्रास मिळते. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि किडनीला उपकारक आहे. पण तिचं काम चालतं ते रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकून. लघवी गोड, जागा दमट, बुरशीला आणखी काय हवं! या जातीच्या गोळ्यांनी, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांनीही, बायकांना बुरशीचा संसर्ग होण्याचं प्रमाण वाढतं. पाकिटातल्या कागदावर ते छापलेलं असतं. आपल्याकडे तो कागद पहिल्याच दिवशी चुलीत जातो.

ही गोळी कधी सुरू झाली आणि खाज कधी सुरू झाली, हे एकदा आठवून बघा. तारखा जुळल्या तर शुगरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या. ते गोळी बदलतील, किंवा ठेवायची गरज असेल तर बुरशीवर नीट उपचार करून ठेवतील. स्वतःच्या मनानं मात्र बंद करू नका, शुगर चढली तर बुरशीला तेही आवडतंच. या गोळीशिवायसुद्धा, नुसती शुगर वाढलेली असली तरी हा त्रास पुन्हा पुन्हा होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. आणि इतर वाचक बायांसाठी: वर्षात तीनदा बुरशी झाली आणि शुगर कधीच तपासली नसेल, तर आधी ती तपासा. पुष्कळ जणींना शुगर आहे हे खाजेवरूनच कळतं.

आता ट्यूब. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत चार नावं आहेत: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. म्हणजे एक स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक परजीवीचं औषध आणि एक बुरशीचं. अंधारात दगड मारायचा, कुणाला तरी लागेलच, असा हिशोब. यातलं क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टिरॉइड. लावल्याबरोबर खाज बसते, म्हणून बाईला वाटतं गुण आला. प्रत्यक्षात ते त्वचेची जंतूंशी लढायची ताकद दाबतं, बुरशी निवांत पसरते, आणि नाजूक त्वचा पातळ होत जाते. सोडलं की खाज दुप्पट, म्हणून पुन्हा लावायचं. जांघेतलं गजकर्ण औषधाला दाद देईनासं झालंय, त्यामागं असल्या ट्यूबांचा मोठा हात आहे. तुमच्या मालकांना जांघेत गजकर्ण आहे का, आणि ही ट्यूब आधी त्यांच्यासाठी आणली होती का? बहुतेक घरांत ती अशीच येते. चिठ्ठीशिवाय हे विकायचं नसतं, विकलं जातं. ट्यूब आजपासून बंद. चार-आठ दिवस खाज वाढेल, त्यासाठी साध्या पाण्यानं धुऊन, टिपून, वरून शुद्ध खोबरेल तेलाचा हात लावा. फारच झालं तर डॉक्टरांकडे लवकर जा, ट्यूबकडे नको.

डेटॉलही बंद. जखमेला, फरशीला ठीक. त्या जागेला नाही. ते चांगल्या-वाईट जंतूंत भेद करत नाही आणि कातडी जाळतं ते वेगळं. टीव्हीवर जाहिरात येते ते सुगंधी वॉशही नको, कडुलिंबाचा काढा आत घालणं नको, लसूण नको, दही नको. दही जेवणात खा. योनिमार्ग आतून धुवायची गरजच नसते, तो स्वतःला साफ ठेवतो. बाहेरून तांब्याभर साध्या पाण्यानं दिवसातून एक-दोनदा, आणि धुतल्यावर मऊ कापडानं टिपून कोरडं. तुम्ही शुगरची ही गोळी घेता, म्हणून लघवीनंतर दरवेळी थोडं पाणी घ्या. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत एवढं पाणी सुद्धा मोजून वापरावं लागतं, हे मला माहीत आहे. तरीही बादलीभर डेटॉलच्या पाण्यापेक्षा हा तांब्या बरा.

मागच्या वर्षभरात ताप-खोकल्याला कितीदा सलाईन लावलं, कितीदा अँटिबायोटिक घेतलं, हेही आठवा. अँटिबायोटिकनं घशातले जंतू मरतात तसे योनिमार्गातले चांगलेही मरतात, आणि आठवड्याभरात बुरशी हजर. पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत सोडायची सवय असेल तर त्रास अर्धवट राहतो.

कपड्यांचं थोडक्यात: निकर सुती, रोज बदललेली. पाळीत कापड वापरत असाल तर हरकत नाही, पण धुतल्यावर ते दांडीवर साडीखाली लपवून वाळत घालू नका. दमट कापड म्हणजे जंतूंची सोय. उन्हात घाला, वर दुसरं पातळ फडकं टाका, उन्हाला ते चालतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, ना आडोसा ना संडास, त्या दिवसभर लघवी दाबून ठेवतात. त्यानं लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो आणि तिथं होणारी आग हाच आजार समजून भलत्या गोळ्या खाल्ल्या जातात. तांबी बसवली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही जणींना तांबीनंतर वासाचा त्रास वाढतो. पाळी गेलेल्या बायांची खाज वेगळी असते. तिथं हार्मोन कमी झाल्यानं कोरडेपणा येतो, त्यांना बुरशीच्या गोळ्या घालून काही होत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळींमधून दिसतंय: मालक आले की वास वाढतो, म्हणजे काही त्यांच्याकडून येतंय का? वास वाढण्याचं साधं कारण असं की वीर्य आम्लाच्या उलट गुणाचं असतं, आणि व्हजायनोसिसमध्ये त्यानं वास सुटतो. पाळीनंतरही त्याच कारणानं सुटतो. एवढ्यावरून कुणावर संशय घेऊ नका. बुरशी तर सहसा नवऱ्याकडून येतच नाही. त्यांना खाज-पुरळ नसेल तर त्यांना औषधही लागत नाही. ट्रायकोमोनास निघाला तर मात्र दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, संपेपर्यंत संबंध टाळायचे, आणि तीन महिन्यांनी तुम्ही पुन्हा तपासून घ्यायचं. पुरुषाला त्याचा बहुतेक वेळा काहीच त्रास जाणवत नाही आणि तो महिनोन् महिने अंगात लपून राहतो, त्यामुळे कुणाकडून, कधी, हे तपासणी सांगू शकत नाही. भांडणापेक्षा दोन गोळ्यांची पाकिटं बरी.

व्हजायनोसिसबद्दल एक नवीन गोष्ट. आजवर त्यात नवऱ्याला औषध द्यायची पद्धत नव्हती, आणि औषध घेतलेल्या निम्म्याहून जास्त बायांना वर्षभरात तो परत होत असे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नुसत्या बायकोला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना तो परत झाला, नवऱ्यालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तेव्हा ३५ टक्क्यांना. तुमच्या तपासणीत हाच प्रकार निघाला आणि परत परत होत असेल, तर डॉक्टरांना याबद्दल विचारा. मालक कारखान्यावर जायच्या आधी.

तर जायचं कुठं? तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज जवळ पडेल. तिथं स्त्रीरोग विभागात जा. सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असं पाटी लावलेलं खोलीवजा केंद्र असतं, नावाला बिचकू नका, याच तक्रारींसाठी आहे ते. तिथं हिरव्या रंगाचं एक किट मिळतं: सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे तिन्ही प्रकारांवर एकदम वार. तपासणीची सोय नसेल तिथं पहिल्या वेळेला हे योग्यच आहे. पण दीड वर्ष जुन्या त्रासाला पुन्हा किटच मिळालं, तर थांबा आणि म्हणा, "मला स्लाइड तपासून पाहिजे." आतली तपासणी करून थोडा स्राव घेतात, कागदाच्या पट्टीवर त्याचा आंबटपणा बघतात, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, फार वेळही लागत नाही. बुरशी निघाली तर तिचं कल्चर, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून तपासणं, करायला सांगा, कारण कॅन्डिडाच्या काही जाती नेहमीच्या फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. एचआयव्हीची चाचणी तिथंच मोफत आणि गुपचूप होते; वरचेवर बुरशी होणाऱ्या प्रत्येकीला ती करायला सांगतात, त्यात तुमच्यावर आरोप नसतो.

वरचेवर होणाऱ्या बुरशीला एक गोळी सहसा पुरत नाही. साधारणपणे तीन-तीन दिवसांच्या अंतरानं तीन गोळ्या, मग आठवड्याला एक अशी सहा महिने, असा उपचार देतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा. शुगरसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळीही चालू असेल तर फ्लुकोनाझोलबरोबर शुगर एकदम खाली येऊ शकते, आणि पोटात बाळ असेल तर ही गोळी चालत नाही. खरं सांगायचं तर सहा महिन्यांनंतरही काही जणींना पुन्हा होतं. मूळ कारण हललं नसेल तर हमखास. म्हणून वर शुगरच्या गोळीवर आणि ट्यूबवर एवढं लिहिलं.

इतकं करूनही खाज राहिली आणि स्लाइडवर काहीच निघालं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ बघू दे. त्या जागेचे काही त्वचेचे आजार खाजेनंच सुरू होतात, पांढरट चट्टे पडतात. त्यांचा जंतूंशी संबंध नसतो.

वाट न बघता लगेच जायचं ते कधी? ताप आणि ओटीपोटात कळा, संबंधानंतर रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त, रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव, फोड किंवा व्रण, किंवा दिवस राहिले असतील तर.

जाताना हातातल्या थैलीत हे सगळं टाका: ट्यूब, मेडिकलवाल्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, शुगरच्या गोळ्यांची अख्खी पट्टी, सोनोग्राफीचा कागद. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा. आधीचे दोन दिवस आत कुठलीही गोळी-मलम नको, संबंध नको, नाहीतर स्लाइडवर नीट कळत नाही. बाईडॉक्टर पाहिजे असेल तर केसपेपर काढतानाच सांगा. आणि रिपोर्ट आल्यावर पिशवीची तारीख देणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा फोन केला, तर त्यांना एवढंच विचारा की कुठल्या आजारासाठी काढायची ते कागदावर लिहून द्या. तो कागद मिळाला तर मला पाठवा.